डाव्या पायाची लाट

“तुम्ही मला सरळ करणार?” हर्षालीनं विचारलं.

ती वॉर्डातल्या पलंगावर मांडी घालून बसली होती. चौदा वर्षांची पोर. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला, त्यामुळे उजवा खांदा वर चढलेला आणि गळ्यातली माळ कायम तिरकी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं.

“नाही गं, ते आगटे सर करणार,” मी म्हणाले. “मी तिथं मशीनवर असणार. तुझ्या पायांवर लक्ष ठेवायला.”

पायांचं ऐकून तिचा रस संपला. ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. पण तिच्या आईनं, मंदाताईंनी, सफरचंद कापायचं थांबवलं. करमाळ्याला बांगड्यांचं दुकान चालवणारी बाई. माणूस बघूनच मनगटाचं माप ओळखत असावी, तशी तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली.

“म्हणजे तुम्ही डॉक्टर न्हाय?”

“नाही.”

“मग सिस्टर?”

“सिस्टरही नाही. मेंदू आणि मज्जातंतूंचा अभ्यास केलाय मी. एम.एस्सी.”

“शिक्षण मेंदूचं, आन् बघणार पाय?”

मला हसू आलं, पण त्यांना येत नव्हतं. मग मी त्यांना नीट सांगितलं. पाय हलवायचा निरोप मेंदूतून निघतो आणि कण्याच्या आतून खाली जातो. उद्या कण्यात स्क्रू बसवून, दांडी लावून पाठ सरळ करायची आहे. ते चाललेलं असताना निरोप खाली पोचतोय की नाही, हे झोपलेलं माणूस सांगू शकत नाही. ते मशीन सांगतं.

“आन् न्हाय पोचला तर?”

“तर मी लगेच सरांना सांगणार. ते थांबतील.”

मंदाताईंनी सुरी ताटलीत ठेवली. “तुम्ही सांगणार,” त्या एवढंच म्हणाल्या. पटलं म्हणून म्हणाल्या की घाबरून, ते मला कळलं नाही.

हर्षाली खिडकीबाहेर बघतच म्हणाली, “आमच्या शाळेत लेझीम आहे. मला मागच्या रांगेत उभी करतात. पंधरा ऑगस्टला मी पुढं असणार.”

मी तेव्हा पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात नवीनच होते. खरं तर मी तिथं राहायला आलेच नव्हते. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची मुलगी बेंगळुरूला जाऊन न्यूरोसायन्स शिकली, इथपर्यंत सगळ्यांना कौतुक होतं. पदवी हातात आल्यावर मात्र कुणालाच कळेना की आता हिचं करायचं काय. मामा म्हणाला बी.एड. कर. वर्गातला एक मुलगा जाहिरातीच्या कंपनीत लागला होता, लोक कुठली बाटली जास्त वेळ बघतात ते मोजायला. तो म्हणाला इकडं ये, पगार चांगला आहे. बेंगळुरूचे माझे सर म्हणत, पीएच.डी.शिवाय या विषयाला अर्थ नाही. आणि अप्पा फोनवर, मागांच्या खडखडाटात ओरडून विचारत, “अस्मिता, अगं ते तुझ्या कामाला काय नाव असतंय? लोक इचारत्यात. मी काय सांगू?”

मी त्यांना म्हणायचे, “संशोधन, अप्पा. संशोधन करणार आहे म्हणा.”

जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. उंदरांच्या मेंदूत आठवण कशी साठते, त्यावर काम. ऑक्टोबरमध्ये जायचं, होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा. मधले काही महिने घरी बसून काय करायचं, म्हणून मी या हॉस्पिटलात रेणके सरांच्या हाताखाली लागले होते. ऑपरेशन चालू असताना मज्जातंतूंवर पहारा द्यायचं हे काम. रेणके सर ते कित्येक वर्षं करत होते. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसे, सुया लावे, आकडे वाचे. बोलायचं काम त्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हर्षालीच्या डोक्यावर, तळहातांत, पोटऱ्यांत आणि पावलांत बारीक सुया लावल्या. ती भूल देऊन पालथी झोपवलेली. रेणके सरांनी पहिली चाचणी घेतली. डोक्याच्या सुईतून एक झटका दिला की अंग किंचित दचकतं आणि पडद्यावर लाटा उठतात. वरच्या दोन लाटा हातांच्या, खालच्या पायांच्या. चारही छान उंच होत्या.

“नकाशासारख्या पाठ करून ठेव,” सर म्हणाले. “सुरुवातीला कशा होत्या, हे ज्याला आठवतं त्यालाच काय गेलं ते कळतं.”

स्क्रू बसवायचं काम संथपणे चाललं होतं. तेवढ्यात दार ढकलून एक सिस्टर आत आली. शेजारच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, मेंदूच्या गाठीचा पेशंट तातडीनं घेतला होता, तिथल्या डॉक्टरांना मशीनवर रेणकेच हवे होते. सरांनी आगटे सरांकडे बघितलं.

डॉ. आगटे मान न उचलता म्हणाले, “जा. इथं निम्मं झालंय. ही आहे ना?”

“ही आहे,” रेणके सर म्हणाले, आणि मला हळूच म्हणाले, “काही वाटलं तर बोल. मनात ठेवू नकोस.”

ते गेले. त्यांचं स्टूल रिकामं झालं आणि मला एकदम थंडी वाजायला लागली. ओटीत थंडी असतेच, पण ही ती नव्हती.

बराच वेळ सगळं सुरळीत होतं. मी “झटका देतेय” म्हणायचे, आगटे सर हात बाजूला घ्यायचे, चार लाटा उठायच्या, मी “ठीक आहे सर” म्हणायचे. स्क्रू झाले. पहिली दांडी आत गेली. भूलतज्ज्ञ मुलाणी मॅडम डोक्याशी बसून रक्तदाब बघत होत्या. आगटे सरांनी दांडी फिरवायला घेतली. हाच तो क्षण, ज्यासाठी सगळा खटाटोप होता. त्यांच्या हातांखाली ती वाकडी पाठ सावकाश, दिसेल न दिसेल अशी, सरळ होत होती. मदतनीस डॉक्टर “वा” असं पुटपुटला.

“झटका देतेय,” मी म्हणाले.

हातांच्या दोन लाटा उठल्या. पायांच्या जागी दोन सरळ रेघा होत्या.

मला पहिल्यांदा वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. सुई निसटली असेल. मी पुन्हा झटका दिला. हात होते. पाय नव्हते. सुई निसटलेली असली आणि मी ओरडले, तर ही पोर माझ्यामुळे जन्मभर वाकडी राहणार. सुई निसटलेली नसली आणि मी गप्प बसले, तर... ते वाक्य माझ्या मनानं पुरं केलं नाही.

“सर, पायांचे सिग्नल गेलेत.”

आवाज इतका बारीक निघाला की कुणी ऐकलाच नाही. आगटे सरांचे हात दांडीवरच होते.

“सर, थांबा!” मी म्हणाले. हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. “पायांचे सिग्नल गेलेत. दोन्ही.”

सगळे हात थांबले. आगटे सरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे.

“मशीन बघा तुमचं.”

मी हिरव्या चादरींखाली शिरले. आत अंधार, वर चाललेल्या पंपांची घरघर आणि माझ्या नाकाशी हर्षालीची पावलं. गार होती. एकेक सुई चाचपली. सगळ्या जागच्या जागी. घाईत बाहेर आले तर तारेला पाय अडकला आणि मी पडता पडता वाचले. कुणीतरी उसासा सोडला.

“सुया ठीक आहेत.”

“भूल वाढवलीय का?” आगटे सरांनी विचारलं.

“नाही. जशी होती तशीच,” मुलाणी मॅडम म्हणाल्या. “प्रेशर जरा उतरलंय, पण फार नाही.”

“भुलीनं गेलं असतं तर हातांचंही गेलं असतं, सर,” मी म्हणाले. “हात आहेत.”

“रेणकेंना बोलवा.”

सिस्टर धावत गेली आणि तशीच परत आली. तिकडं कवटी उघडलेली होती, रेणके सरांना हलता येणार नव्हतं. आगटे सर दांडी धरून उभे होते. पाठ जवळजवळ सरळ झाली होती. आता एक वळसा, आणि काम फत्ते.

“तुला खात्री आहे?” त्यांनी विचारलं. आधी “तुमचं” म्हणाले होते, आता “तुला” म्हणाले.

बाहेर बसलेल्या मंदाताई डोळ्यांसमोर आल्या, मांडीवर पिशवी घेऊन.

“सिग्नल गेलेत याची खात्री आहे,” मी म्हणाले. “कशामुळे गेलेत, ते मला माहीत नाही.”

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मग दांडी उलटी फिरवायला घेतली.

जी पाठ त्यांनी सरळ केली होती, ती माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा वाकडी होत गेली. मुलाणी मॅडमनी रक्तदाब वाढवला. जखमेत कोमट पाणी सोडलं. मी झटका दिला. दोन हात, दोन रेघा. थांबलो. पुन्हा दिला. तेच. आगटे सर म्हणाले, “पुन्हा.” पुन्हा तेच. मला कळेना की मी काय मागतेय. लाटा याव्यात, की येऊ नयेत आणि मशीनच बिघडलेलं निघावं?

मग उजव्या पायाच्या रेघेवर एक लहानशी चढण दिसली. पुढच्या झटक्याला ती वाढली. “उजवा येतोय,” मी ओरडलेच. डावा येत नव्हता.

“उठवू या तिला,” आगटे सर म्हणाले.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, बघितलं कधीच नव्हतं. पाठ उघडी असताना भूल इतकी उतरवायची की माणसाला हाक ऐकू यावी. मग विचारायचं. जखमेवर ओली फडकी झाकली. मुलाणी मॅडम खाली वाकून तिच्या कानाशी गेल्या. मला पावलांशी बसायला सांगितलं. मी चादर वर करून तिचे दोन्ही अंगठे बघत बसले.

“हर्षाली. बाळा, ऐकतेस? माझा हात दाब.” बराच वेळ काही नाही. “हर्षाली, हात दाब.” मग मॅडम म्हणाल्या, “दाबला. छान. आता पाय हलव. दोन्ही पाय हलव राणी.”

उजवं पाऊल हललं. चांगलं, ठसठशीत हललं.

“डावा?” आगटे सरांनी विचारलं.

“नाही.”

“हर्षाली, डावा पाय. डावा.”

मी त्या अंगठ्याकडे अशी बघत होते की माझ्या नजरेनं तो उचलला जावा. नखावर अर्धवट निघालेलं लाल नेलपॉलिश होतं. अंगठा निर्जीव वस्तूसारखा पडून होता.

“नाही सर.”

त्यांनी तिला पुन्हा झोपवलं. दांडी अख्खी काढून टाकली. स्क्रू तसेच ठेवले. मी दर थोड्या वेळानं “झटका देतेय” म्हणत होते आणि माझाच आवाज मला नकोसा झाला होता. टाके घालायला घेतले तेव्हा डाव्या रेघेवर काहीतरी उमटलं. इस्त्री केलेल्या कापडावर राहून गेलेली सुरकुती असावी, एवढंच. मी ते दोनदा बघितलं आणि मग सांगितलं. आगटे सर म्हणाले, “हं.”

आयसीयूत शुद्धीवर आल्यावर तिनं डाव्या पायाची बोटं हलवली. पाऊल मात्र उचलता येईना. आगटे सर बाहेर जाऊन मंदाताईंशी बोलले. मी दारामागे उभी होते. त्यांनी काही लपवलं नाही. पाठ सरळ करता आलेली नाही, पायात अशक्तपणा आहे, तो किती भरून येईल ते आज सांगता येत नाही. “मशीनवर त्या अस्मिता मॅडम होत्या, त्यांनी सांगितलं म्हणून थांबलो.” मंदाताई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. त्या रडल्या नाहीत, हे त्याहून वाईट होतं.

मी दुसऱ्याच दिवशी जर्मनीला होकार पाठवला आणि रेणके सरांना जाऊन सांगितलं.

“घाबरलीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“जा मग,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तिकडं उंदीर असतात. उंदरांच्या आया बाहेर बाकावर बसलेल्या नसतात.”

ठरल्याप्रमाणे सप्टेंबरअखेरपर्यंत मी कामावर येत राहिले, पण एकटी मशीनवर बसायची नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. झोपेत मला त्या दोन सरळ रेघा दिसायच्या. वॉर्डात जायचं मी टाळायचे. हर्षालीला घरी सोडलं तेव्हा ती चाकाच्या खुर्चीतून गेली, एवढं कानावर आलं. अप्पांनी गावभर सांगून टाकलं होतं, पोरगी परदेशात संशोधनाला चालली. तिकीट काढलं. व्हिसा आला. सगळे खूश होते आणि मीही खूश असल्यासारखी वागत होते.

जायला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी मी ओटीकडे निघाले होते. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बोळात कुणीतरी हाक मारली. “ओ मॅडम.”

मंदाताई होत्या. शेजारी बाकावर हर्षाली, फ्रॉकच्या आत पट्ट्याचं कडक कवच. खांदा अजून वरच होता. पट्ट्यामुळे आधीपेक्षा थोडा कमी, पण वरच. मी पळून जाऊ शकले असते, पण बोळ अरुंद होता.

“कशी आहेस?” मी विचारलं.

हर्षालीनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. रागानं.

“तुम्हीच थांबवलंत ना सरांना? सरांनी सांगितलं आईला. मी ऐकलं. तुम्ही अजून थोडं थांबला असतात तर मी सरळ झाले असते.”

“हर्षे,” मंदाताई म्हणाल्या.

“आता वर्षभर परत काही करणार नाहीत म्हणे. मला परत मागच्या रांगेत. सगळं तुमच्यामुळे.”

जे तोंडात आलं ते मी बोलले. “डावा पाय कसा आहे तुझा?”

“पाय, पाय काय करता सारखं!” ती ओरडली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. “माझ्या पायांना काय झालंय? पायांना काहीच झालं नव्हतं माझ्या! माझी पाठ वाकडी आहे, पाठ!”

आणि ती उठली. कुणाचा आधार न घेता उठली. पाठ फिरवून त्या लांब बोळातून फणकाऱ्यानं निघाली, पाय आपटत.

“तिला ठावंच न्हाय वो त्या दिवसाचं,” मंदाताई माझ्या दंडाला धरून म्हणत होत्या. “घरी पंधरा दिवस पाय वढत होती, तर म्हणायची झोपून झोपून मुंग्या आल्यात. मी बी न्हाय सांगितलं. कशाला सांगू? रुसलीय, रुसू द्या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका...”

त्या आणखी पुष्कळ बोलल्या. माझं लक्ष नव्हतं. मी ऐकत होते. दगडी फरशी, रबरी चपला. उजवा. डावा. उजवा. डावा. डावा किंचित हलका पडत होता, पण पडत होता, सपाट, पुरा, रागासकट. जिन्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली तरी आवाज येत राहिला. मग कुठंतरी दार लागलं.

जर्मनीला मी गेले नाही. त्यांना नकार कळवताना काय कारण दिलं, ते आता आठवत नाही. अप्पांना दिलेलं कारण आठवतं, आणि ते दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत हेही. त्या सकाळी मात्र मी कुणालाच काही कळवलं नव्हतं. मी ओटीत गेले. रेणके सर मशीनपाशी बसले होते, पेशंटला टेबलावर घेत होते. भीती होतीच.

“सर,” मी म्हणाले, “तुमच्या स्टुलावर आज मी बसते.”